तेवढं सोडून

"घासायच्या आधी एकदा नीट बघून घ्या," पॉलिशवाला म्हणाला. "नंतर म्हणाल, हे राहू द्यायचं होतं, ते राहू द्यायचं होतं. एकदा यंत्र फिरलं की काही परत येत नाही."

त्याने खिशातून खडू काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला. जे ठेवायचं असेल त्याच्याभोवती गोल करायचा, तेवढं सोडून तो बाकीचं घासणार. कुठल्याशा घरी त्याने कोणाच्या तरी हातची अक्षरं उडवली होती आणि भरपूर बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून हा खडू.

"काही ठेवायचं नाही," ती म्हणाली. "सगळं साफ करा."

या टेबलाच्या पॉलिशसाठी ती कितीतरी वर्षं घरच्यांच्या मागे लागली होती. येणारा प्रत्येक जण बसता बसता टेबलावरून हात फिरवायचा, "हे काय झालंय हो इथे?" म्हणायचा आणि बघायचा तिच्याकडे. डाग ज्याचे त्याचे, गबाळी मात्र ती. टेबलावर चादर घालून घालून तिला वीट आला होता. एकदाच तिला हे टेबल उघडं ठेवून चार माणसांना जेवायला बसवायचं होतं. फार मोठं मागणं नव्हतं.

पण खडू आप्पांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या हाती लागला.

"हा चटका तेवढा असू दे, सूनबाई. मी इथे रेडिओ दुरुस्त करायचो ना, तेव्हाचा आहे." त्यांनी सावकाश गोल केला. मग दुसरा. "आणि हे पांढरं कडं. हिने गरम पातेलं ठेवलं होतं."

हिने म्हणजे सासूबाईंनी, आणि त्या आता नव्हत्या. तिने ते दोन्ही गोल राहू दिले.

तेवढ्यात नवरा वर्तमानपत्र टाकून उठला. "मग ही कर्कटकाची भोकंही राहू देत. गणिताचा सगळा अभ्यास मी इथेच केलाय."

"गणितात दोनदा नापास झाला होतात तुम्ही."

"म्हणजे अभ्यास किती केला असेल बघ."

नोकरीला लागलेली मुलगी फोन घेऊन फोटो काढायला आली आणि तिनेही खडू मागून घेतला. "आई, हे कडेला माझे दात आहेत. दुधाचे. आणि हा नेलपेंटचा डाग. माझ्या मैत्रिणीने पाडला होता."

"आता मैत्रिणीचाही डाग जपायचा?"

"अगं, किती लांब राहते ती आता."

बघता बघता टेबल खडूच्या गोलांनी भरून गेलं. पॉलिशवाला यंत्र हातात धरून ताटकळत उभा होता. शेवटी त्याचाही धीर सुटला. "वहिनी, मी हे फिरवू कुठून? असं मधलं मधलं घासलं तर टेबलाला खरूज झाल्यासारखं दिसेल."

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "पुसा ते गोल."

कोणी जागचं हललं नाही. आप्पा तर पांढऱ्या कड्यावर तळहात ठेवूनच बसले.

"कशाला एवढा हट्ट करतेस?" नवरा म्हणाला. "घर आहे हे, हॉटेल नाही. आठवणी आहेत त्या."

"आठवणी तुमच्या, आणि ऐकून घ्यायचं मी."

पॉलिशवाल्याने त्यांच्या भांडणात न पडता टेबलाभोवती एक फेरी मारली. स्वयंपाकघराच्या बाजूच्या कोपऱ्याशी तो थांबला. "इथे कोणाचा गोल नाही. आणि इथलं पॉलिश पार उडालंय, लाकूड उघडं पडलंय. एवढं करून देऊ?"

सगळे वाकून बघायला लागले. तळहाताएवढा पांढुरका पट्टा होता तो.

"छे, हे फारच वाईट दिसतंय," नवरा म्हणाला. "हे आधी करून टाका."

"हो ना. कधी झालं हे?" मुलगी म्हणाली.

"कोणी केलं कोण जाणे," आप्पाही म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं होतं.

ती त्या पट्ट्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

"ते माझं आहे," ती म्हणाली.

"तुझं म्हणजे?"

"तुम्हाला वाढताना मी इथे उभी असते. डावा हात तिथे टेकलेला असतो. तुम्ही उठलात की टेबल पुसतानाही तिथेच."

खडू नवऱ्याच्या हाताशी पडला होता. कोणी या पट्ट्याभोवतीही गोल करतंय का, म्हणून ती थोडी थांबली. मनाशी नको नको म्हणतानाही थांबली. नवऱ्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मुलगी फोनमध्ये बघू लागली. आप्पा म्हणाले, "असं होय," आणि पुन्हा आपल्या कड्याकडे वळले.

तिला हसूही आलं आणि संतापही आला. संताप जास्त आला.

"सगळं घासा," ती पॉलिशवाल्याला म्हणाली. "सुरुवात माझ्यापासून करा."

"आणि हे बाकीचे गोल?"

तिने ओट्यावरचं ओलं फडकं आणलं आणि पहिला गोल पुसला. मग दुसरा. मग आप्पांचा हात हळूच बाजूला करून तिसरा. कोणी अडवलं नाही. या घरात टेबल पुसताना तिला कधीच कोणी अडवलं नव्हतं.