जुनेपणाचे पैसे

मामा दुकानात शिरला तेव्हा भाचा मागच्या खोलीत एका कोऱ्या करकरीत गिटारवर किल्ल्यांचा जुडगा आपटत होता.

कामच होतं ते त्याचं. नव्या इलेक्ट्रिक गिटारी जुन्या दिसतील अशा करायच्या; शौकिनांना तशाच हव्या असत. कुठे रंग घासायचा, कुठे टवका काढायचा, कोपर टेकतं तिथलं लाकूड उघडं पाडायचं. घरात एखाद्या पोरानं हेच केलं असतं तर पाठ सोलून निघाली असती. इथे त्याचा पगार मिळत होता.

"आहेस का रे आत?"

मामाचा आवाज भाच्यानं ओळखला. जुडगा त्यानं घाईघाईनं ॲप्रनच्या खिशात कोंबला.

मामा आपली गिटार न्यायला आला होता. 'तारा बदलून देतो' म्हणून भाच्यानं ती आणली आणि मग आज देतो, उद्या देतो करत ठेवूनच घेतली. तारा कधीच बदलून झाल्या होत्या. गिटार मात्र मागच्या खोलीत खुंटीला होती, नमुना म्हणून. मामानं सारी उमर वाजवून तिच्यावर जे जे उमटवलं होतं, ते भाचा एकेका नव्या गिटारवर उतरवत होता. मामाला न विचारता.

"बस ना मामा, आलोच घेऊन," म्हणत त्यानं मामाला दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. पण तिथेच भिंतीपाशी एक चष्मेवाला गिऱ्हाईक, भिंतीवरची अशीच एक गिटार हातात घेऊन, मालकाशी हुज्जत घालत उभा.

"अहो, गेल्या वर्षी एवढ्यात दोन आल्या असत्या! लाकूड तेच, तारा त्याच. वरून ही खरचटलेली. आणि भाव दुप्पट?"

"हातकाम आहे साहेब. एकेक खूण हातानं केलेली."

"म्हणजे मोडतोडीचे पैसे?"

"जुनेपणाचे," मालक म्हणाला.

चष्मेवाल्याची नजर मामाच्या बोटांवरच्या घट्ट्यांकडे गेली. "काका, तुम्ही वाजवता वाटतं. तुम्हीच सांगा, एवढ्याची आहे का ही?"

"त्याला काय विचारता?" भाचा मध्येच बोलला. "मामाला हल्लीचे भाव कुठे माहीत!"

"भाव नसेल, गिटार तर कळते ना," मामा म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

गिटार मांडीवर घेऊन त्यानं एक डोळा मिटून दांडी सरळ आहे का ते पाहिलं. दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा बोटाला टोचतात का, ते चाचपलं. खुंट्या पिळून पाहिल्या.

"बांधणी छान आहे," तो म्हणाला. "पण एवढी काही..."

अंगठा थांबला. तारांच्या खाली तीन दातांचा एक टवका होता आणि त्याला लागून लांब ओरखडा, शेवटी जरासा वळलेला.

जमिनीनं पोटात घ्यावं असं भाच्याला झालं. बाकीच्या खुणा मामाच्या होत्या, त्या एक वेळ चालल्या असत्या. ही मामीची होती. जेवण निवत होतं, मामा गिटार सोडून उठत नव्हता, आणि मामीनं हातातला किल्ल्यांचा जुडगा रागानं भिरकावला होता. भाचा तेव्हा तिथेच ताटावर बसलेला. आता मामी नव्हती. आणि मालकाला नेमकी हीच खूण पसंत पडली होती. "हिच्यात गोष्ट आहे," तो म्हणाला होता, आणि भाच्याचा पगार वाढला होता. घेताना लाज वाटली होती, नाही असं नाही. पण घेतला होता.

मामाचा अंगठा ओरखड्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला.

"काय काका? जास्त सांगतायत ना किंमत?"

"कमी सांगितलीय," मामा म्हणाला.

मालकाची कळी खुलली. चष्मेवाला काही क्षण घुटमळला आणि गिटार घेऊन गल्ल्याकडे गेला.

भाच्यानं आतून मामाची गिटार आणली. दांडीला 'नमुना' लिहिलेली चिठ्ठी तशीच लटकत होती. घाईत काढायची राहिली. मामानं ती वाचली, दोरा सोडवला आणि चिठ्ठी भाच्याच्या हातात दिली.

"किती केल्यास अशा?"

"चाळीसेक." खोटं बोलायची हिंमतच झाली नाही. "मामा, चुकलं माझं. विचारायला हवं होतं तुला."

मामानं गिटार पिशवीत घातली, चेन लावली.

"तिनं एकदाच किल्ल्या फेकल्या होत्या रे," तो म्हणाला. "आणि तेवढ्यावरून जन्मभर स्वतःला बोल लावत राहिली. कुणी घरी यायचं असलं की आधी उठून गिटारचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची."

पिशवी खांद्याला लावून तो निघून गेला. भाचा दाराकडे बघत राहिला. मग भिंतीपाशी गेला. तिथे त्याच खुणेच्या अजून काही गिटारी टांगलेल्या होत्या. त्यानं पहिली उतरवली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून परत टांगली. मग दुसरी. वाकला की खिशातल्या किल्ल्या वाजत होत्या.

"अरे ए, डोकं फिरलं का तुझं?" मालक गल्ल्यावरून ओरडला. "उलट्या काय टांगतोस? लोक यायची वेळ झाली!"

"म्हणून तर," भाचा म्हणाला आणि त्यानं तिसरी उतरवली.