पाडवा ते पाडवा

निशांतच्या पदरात पडणार होती बारा हजार चौरस फूट जागा, तीही इंदूरच्या राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर. खाली दुकानं, वर फ्लॅट, सगळ्यात वरचा स्वतःला. आज तिथे गोदावरी नाट्यगृह उभं होतं, एवढीच काय ती किरकोळ अडचण.

पणजोबांनी जागा नाट्यगृहाला देताना अट घातली होती. गुढीपाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत, तिकीट लावून, निदान एक मराठी नाटक व्हायलाच हवं. एका वर्षाचा जरी खाडा पडला, तर जागा घराण्याकडे परत. तो जुना कागद त्याच्या बाबांनी, दिवाकररावांनीच कपाटातून काढून दिला होता.

"शोध खुशाल," ते म्हणाले होते. "फक्त एकही वर्ष गाळू नकोस."

सुहासिनीबाईंनी रजिस्टरांचा ढीग टेबलावर आणून ठेवला. शाळेतून रिटायर झाल्यापासून नाट्यगृहाच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असत.

"आधी पोहे खा, भिया. खाडा काही पळून नाही जात."

निशांत पानं उलटू लागला. एका वर्षी वादळात पत्रे उडाले, तर प्रेक्षक छत्र्या उघडून तिसऱ्या अंकापर्यंत बसले होते. एका वर्षी नायिकेचं काम करणाऱ्या पोस्टमास्तरांची ऐन वेळी रतलामला बदली झाली; नायिकेचे संवाद विंगेतून कुणीतरी वाचले, नायकाने रिकाम्या खुर्चीशी लग्न केलं. त्याला खुदकन हसू आलं. मग आपण इथे कशाला आलोय ते आठवलं.

"काकू, सीधी बात. लॉकडाऊनचं वर्ष दाखवा."

"दाखवते की." बाई चष्मा पुसत राहिल्या.

"ऐन पाडव्यालाच सगळं बंद झालं होतं, मला पक्कं आठवतं. बाबांचं दूध, भाजी, गोळ्या, सगळे पैसे माझ्या मोबाईलवरून जायचे. ते फोनवर नंबर सांगायचे, मी टाकायचो. कशाचे म्हणून कधी विचारलं नाही."

"गुणाचा आहेस. दिवाकरजी कौतुक करतात ना तुझं."

रजिस्टर उघडलं. एप्रिल कोरा. मे कोरा. दिवाळीसुद्धा कोरी. निशांतने मनातल्या मनात वरच्या फ्लॅटला पडदे लावले, झोपाळाही टांगला. जानेवारी कोरा.

फेब्रुवारीत एक ओळ होती. 'निम्म्या खुर्च्यांची परवानगी. एकपात्री नाटक, सादरकर्त्या सुहासिनीबाई. प्रेक्षक: एक.'

"एकच?"

"लोक घाबरलेले ना रे! एकटेच पहिल्या रांगेत बसले, मास्क लावून. पण टाळ्या अशा वाजवल्या, बापरे! मला तर हाऊसफुल्ल वाटलं."

"तुमच्यातलाच कुणीतरी असणार, फुकट पासवाला," निशांत हसला. "पास नाही चालत, काकू. अट तिकिटाची आहे."

"म्हणून तर तिकीट फाडलं," बाई म्हणाल्या आणि पानाला टाचलेली स्थळप्रत त्यांनी त्याच्याकडे वळवली.

बाईंच्या शाळामास्तरणीच्या अक्षरात तिच्यावर लिहिलं होतं: 'खुर्ची अ-१. प्रेक्षक: दिवाकर दप्तरदार. दोनशे रुपये, मोबाईलवरून जमा. पैसे देणार: निशांत दिवाकर दप्तरदार.'