हातून सुटलं

सगळ्यांचे हात वर गेले. तिचा एकटीचा गेला नाही.

"म्हणजे गाडीत आईच्या मांडीवर बाळ सुरक्षित असतं, असंच ना?" चाचणी विभागाच्या साहेबांनी पुन्हा विचारलं.

गाड्यांच्या सीटचे पट्टे शिवणारा अख्खा शिलाई विभाग त्या दिवशी जाड काचेसमोर उभा होता. आपण शिवतो त्याचं पुढे काय होतं, ते बायकांना एकदा दाखवावं, असं साहेबांच्या मनात आलं होतं.

"साहेब, वाघीण पिल्लू सोडते का कधी?" पट्टे कापणारी जाडी बाई म्हणाली आणि सगळ्या खो खो हसल्या.

काचेपलीकडे रुळांवर एक सीट होती. तिच्यावर पट्टा बांधलेली रबरी बाई, आणि बाईच्या कवेत रबरी बाळ. कुणीतरी हौसेनं त्याला टोपडं घातलं होतं. साहेबांनी बटण दाबलं. सीट सुसाट निघाली आणि टोकाला धाडकन थांबली. बाई जागच्या जागी होती. बाळ समोरच्या फळीवर आपटून खाली पडलं होतं.

हसणं थांबलं. जाडी जरा चाचरत म्हणाली, "पण साहेब, रबराच्या बाईला माया कुठली? तिनं कशाला घट्ट धरलं असेल?"

"तिचे हात आम्ही स्प्रिंगांनी आवळले होते. पैलवानाच्या मिठीहून घट्ट." साहेब शांतपणे सांगू लागले. "लोकांना वाटतं, धक्का बसला की बाळ कुणीतरी हिसकावून नेल्यासारखं फेकलं जातं. तसं काही नसतं. गाडी थांबते, बाळ थांबत नाही, एवढंच. गाडीचा जो वेग, तोच बाळाचा. डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याला अडवायचं, तर हातांवर दोन-तीन क्विंटलचा भार येतो. कोण पेलेल?"

"आजी असली तर?" तिनं एकदम विचारलं. आपला आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "म्हणजे... म्हातारे हात असतात..."

"म्हातारे काय आणि तरणे काय, बाई. त्यात धरणाऱ्याचा दोष नसतो. ते धरणं माणसाला शक्यच नसतं."

बायका पुन्हा मशिनींवर जाऊन बसल्या. तिच्याच्यानं सुईत दोरा ओववेना.

तीन वर्षं होत आली होती. बाळाला लस टोचून ती तिघं परत येत होती. ती, सासू आणि बाळ. बाळ किरकिर करत होतं, म्हणून सासूनं पुढच्या सीटवर त्याला मांडीवर घेतलं होतं. गाडी ती चालवत होती. आजीच्या मांडीवर गेल्यागेल्या बाळ गप्प झालं, खुदकन हसलं. तेवढ्यात कुत्रं आडवं आलं. गाडी वळली आणि रस्त्याकडेला उभ्या ट्रकवर आदळली. दोघी पट्ट्यांमुळे वाचल्या.

"माझ्या हातून सुटलं," सासू इस्पितळातच मुलाला म्हणाली. मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हणाली. कुणी विचारायच्या आधी, पाणी पुढे करावं तसं ती हे वाक्य पुढे करायची. लोक चुकचुकायचे. बाहेर पडल्यावर म्हणायचे, "झेपत नव्हतं तर घ्यावं कशाला मांडीवर?" हे सगळं सुनेच्या कानावर यायचं. तिनं कधी कुणाला अडवलं नाही.

ती भांडलीही नाही. फक्त सासूच्या हातात काही देणं तिनं सोडलं. चहा स्टुलावर, गोळ्या टेबलावर, ताट समोर. 'आई' ही हाकही त्या दिवसापासून बंद झाली. सासूनं कशाचीच तक्रार केली नाही. शेजारीण नातवाला घेऊन आली, की ती आपले दोन्ही हात पाठीमागे घ्यायची. ते बघून सुनेला बरं वाटायचं. आपल्याला बरं वाटतं, याचीही तिला कधी लाज वाटली नव्हती.

त्या दिवशी ती अर्धी रजा टाकून घरी आली. सासू खिडकीपाशी वाटाणे सोलत बसली होती. ती चपला न काढताच तिच्यासमोर फरशीवर बसली.

"आई," ती म्हणाली.

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आई, तुमच्या हातून नाही सुटलं. मी आज डोळ्यांनी बघितलं. पैलवानाच्या हातात राहिलं नसतं. माझ्याही राहिलं नसतं. कुणाच्याच नाही." मग तिला रडू आवरेना. "आणि मी तुम्हाला तीन वर्षं..."

सासूनं तिला जवळ ओढलं. पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मला ठाऊक आहे गं," शेवटी ती म्हणाली. "डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं मला."

सून झटकन मागे सरली. "ठाऊक होतं? मग सगळ्यांना तसं का सांगत सुटलात? स्वतःच्या मुलालासुद्धा?"

म्हातारीनं पदरानं तिचे डोळे पुसले.

"माझ्या हातून सुटलं म्हटलं, की गाडी कोण चालवत होतं, हे कुणी विचारत नाही."