पोटाचं औषध

घरी केबल आलं, त्यावर भीमाशंकरअप्पांनी वाईन करायची रीत पाहिली आणि परसातल्या वेलाची द्राक्षं लोणच्याच्या बरणीत मुरायला लागली. लिंगायत माणूस, गळ्यात लिंग अन् घरात दारू, हे मनाला खायचंच. पण बायकोला, कावेरीला, "पोटाचं औषध हाय" असं ठोकून दिलेलं. तीही बिचारी रोज वेलाला पाणी घालायची.

तिसऱ्या वर्षी द्राक्षं लई गोड निघाली. अप्पांनी एक घड तिच्यापुढं धरला. "घे की, कधी खाताना दिसत न्हाईस."

तिनं घड परत त्यांच्याच हातात ठेवला.


"पहिल्या बरणीलाच कपिलधारच्या समाधीला नवस बोलले हाय, तुमचं पोट बरं झाल्याबिगर द्राक्ष तोंडात घालायचं न्हाई."