चढा आवाज

पंडरीच्या कापडबाजारातल्या त्या साड्यांच्या दुकानात चित्राचं आणि कुसुमताईंचं पटत नाही, हे आता गिऱ्हाइकांनाही ठाऊक झालं होतं. चित्रा गादीवर साड्या दाखवायची, कुसुमताई मागच्या फळ्यांवरून काढून द्यायच्या, आणि दिवसभर चित्राचा आवाज चढलेला.

"अवो बाई, हिरवी मांगून राहिली मी, हिरवी! झोपल्या का?"

"देतो व माय," म्हणत कुसुमताई हसून साडी पुढे करायच्या. त्या हसण्यानंच मॅनेजर अच्युतचा जीव तुटायचा. आईच्या वयाची बाई, किती सोसायचं तिनं?

एक दिवस त्यानं भर दुकानात चित्राला झापलं आणि भनपुरीच्या गोदामात धाडून दिलं.

"मले इथंच राहू द्या ना भैया," ती रडवेली होऊन म्हणाली.

"काहून? आणखी भांडाले?"

दुकान कसं निवांत झालं. नवी पोट्टी मधाळ, हळू बोलणारी. पण कुसुमताई निळी मागितली की पिवळी काढायला लागल्या, गिऱ्हाइकं उठून जाऊ लागली. अच्युतनं मागून दोनदा हाक मारली. त्या वळल्या नाहीत. खांद्याला हात लावला तेव्हा दचकल्या आणि त्याच्या ओठांकडे बघत राहिल्या.

"मालकाले सांगू नका भैया, नोकरी जाईन," त्या पुटपुटल्या. "चित्रा होती तं निभून जात होतं."

अच्युतची मान खाली गेली. त्याला माफी मागायची होती. पण गल्ल्यावर मालक बसलेले, आणि कुसुमताईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती मागता येत नव्हती.