अर्धी प्रदक्षिणा

सोमवारी महादेवाला निघाले, तर राणी पायरीवर गुडघ्यात मान घालून बसलेली. माझी ही लेक पुण्यात संशोधन करते, दोन दिवसांसाठी तासगावला घरी आली होती. घडीच्या पोळीसारखे पदर असलेला स्फटिक चुंबकाजवळ फिरवायचा आणि कुठल्या दिशेला विजेला किती अडथळा होतो ते मोजायचं, हे तिचं काम.

"आई, डावीउजवीकडं अडथळा सारखा यायला हवा, तो येतच न्हाई. सर म्हणतात, स्फटिक खराब हाय, टाकून दे. आठ महिने लागले गं तो तयार करायला."

"ऊठ, देवाला जाऊन येऊ."

अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं, ती पन्हाळ ओलांडायची नसते. तिथवर जाऊन मी नेहमीसारखी आल्या वाटेनं परत फिरले.

"तुझं यंत्र असं उलटं फिरतं का गं?" मी आपलं सहज विचारलं.

"फिरतं की. पण आमी एकाच अंगानं फिरवतो." एवढं बोलून ती पन्हाळीपाशीच थबकली.

गुरुवारी पुण्याहून तिचा फोन आला. "आई, उलटं फिरवून बघितलं! जाताना मोजमाप तीन अंश इकडं सरकतं, येताना तीन अंश तिकडं. यंत्राचं चाक सैल होतं, म्हणून डावंउजवं जुळत नव्हतं. स्फटिक लय चांगला हाय!"

"महादेवाची कृपा."

"आणि लहानपणी मी तुला हसायचे, अर्धीच प्रदक्षिणा घालतीस म्हणून."

"अर्धी कुठली गं? जाऊन परत आलं की पुरी झाली."