गवताचा कावळा

नदीकाठी दहाव्याचा पिंड मांडून तास उलटला, तरी एकही कावळा उतरला नाही. डॉक्टर केळुसकरांनी हात जोडून गेलेल्या बायकोला सांगितलं, "सरोज, तुझी बाग मी सांभाळीन."

मागे कुणीतरी फसकन हसलं.

"वचनं कसली देता, भावोजी?" मेहुणा दिगंबर म्हणाला. "पाखरं तोंड लावणार नाहीत असं भाताचं वाण तुम्हीच काढलंत. सत्कार घेतलेत. वाऱ्यानं त्याचे पराग शेतोशेती नेले आणि जुनी वाणं सगळी बाटली. आता दुसरा तांदूळ उरलाय कुठे?"

भटजींनी सवयीने दर्भाचा कावळा वळला. हल्ली सगळ्यांचे दहावे असेच उरकत. दिगंबरने तो हिसकावून नदीत फेकला.

"आमच्या आईला गवताच्या कावळ्यानं वाटेला लावलं. ताईला खराच हवा. तो शिवेपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही."

माणसं पांगली. भटजीही पिशवी उचलून निघाले.

बऱ्याच वेळाने एक कावळा खाली आला. उपासाने त्याची हाडं वर आली होती. त्याने मान वाकडी करून पिंडाकडे पाहिलं, आणि डॉक्टरांच्या चपलेचं चामडं तो चोचीने ओढू लागला.